भाडेकरूंच्या पत्त्यांवर मालकाचं नाव

कासारवाडीतल्या आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीत माझं काम एकच, नावं चढवायचं. इंटरनेटवर प्रत्येक गिऱ्हाइकाला आकड्यांचे पत्ते लागतात. ते आम्ही गठ्ठ्यानं देतो आणि कुठला गठ्ठा कोण वापरतं, ते जगाला दिसेल अशा यादीत नोंदवतो. उद्या काही भानगड झाली तर विचारायचं कुणाला, एवढ्यासाठी. साधी गोष्ट आहे हो, पण लोकांना समजावता समजावता जीव मेटाकुटीला येतो.

चाकणकडे गाळ्यांचं सगळं काही मालकाच्या नावावर. लाइटचा मीटर त्याचा, पाणी त्याचं, मग इंटरनेटही त्याचंच. एका काकांनी शेतात आठ गाळे बांधले होते. त्यांना म्हटलं, "काका, जो वापरतो त्याचं नाव लागतं. भाडेकरूंची नावं द्या."

"भाडेकरू आज हाय, उद्या न्हाई. माझंच लिवा. माझं नाव काय चोराचं हाय व्हय?"

आमच्या साहेबांना कायमची घाई. "लिहा हो मॅडम, कशाला घोळ घालताय!" लिहिलं मग. कुणाकुणाशी भांडायचं?

शेवटी व्हायचं तेच झालं. एका गाळ्यातून कुणीतरी लोकांना फसवे मेल पाठवत होतं. तो भाडेकरू कुलूप घालून पसार, आणि चौकशीचं बोलावणं काकांना. ज्या माणसानं जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नाही, तो दिवसभर पोलीस चौकीच्या बाकावर! चौकी बाजाराच्या रस्त्यावर, अर्ध्या गावानं बघितलं. मी धावत गेले, फौजदारांना सगळं उलगडून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काकांना घरी पाठवलं. ऑफिसात परतल्यावर मी यादीतून काकांचं नाव काढलं, राहिलेल्या भाडेकरूंची चढवली. वाटलं, सुटलो एकदाचे.

काही दिवसांनी काका ऑफिसात आले. चेहरा पार उतरलेला. "पोरी, तुझ्या यादीतलं नीट झालं. आता गावात येऊन तेवढं सांगशील का? मी हॉटेलात गेलो की समदी गप बसत्यात."

आठवड्यातून एक सुट्टी, अंग नुसतं आंबून गेलेलं. तरी गेले. नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलात त्यांच्या जुन्या सोबत्यांना मीटरचंच उदाहरण दिलं. मीटर मालकाच्या नावावर, वीज जाळली भाडेकरूनं, त्यात मालकाचा काय दोष? माना डोलल्या. "व्हय व्हय, बरोबर हाय." मला हायसं वाटलं. काकांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

तेवढ्यात त्यांच्याच वयाचा एक जण म्हणाला, "ते समदं खरं हाय ताई. पन पोलीस काय उगाच बोलावत्यात व्हय?"

मला असा संताप आला, पण आता आणखी काय सांगणार होते मी?

काका उठले. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मला म्हणाले, "चल पोरी, आपण घरीच च्या घेऊ."