स्टॅनमोरचा काउबॉय

रघुवीर देवस्थळी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे अलाबामाला गेले आणि जन्म तिथेच गेल्यासारखे वागू लागले. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. यांनी फक्त हॅट आणली.

तिथे समुद्रकाठच्या बारमध्ये भर दुपारी गिटारवाले गायचे, ते ऐकून हे खुळावले. "कंट्री म्युझिक ऐकावं तर गल्फ ऑफ मेक्सिकोच्या किनाऱ्यावर," असं लंडनच्या स्टॅनमोर स्टेशनवर भेटेल त्याला ऐकवू लागले. इन्शुरन्समधला बावन्न वर्षांचा माणूस, पण दूध आणायलासुद्धा काउबॉयचे बूट घालून निघणार. बायको अरुणा मुद्दाम चार पावलं मागून चालायची.

वेड मात्र खरं होतं, हे कबूल करायला हवं. गळा बेताचा, पण रियाज रोजचा. ईलिंगच्या एका सोशल क्लबात महिन्यातून एका रविवारी दुपारी कंट्रीचा कार्यक्रम असे आणि त्यांना कायमचा गायक हवा होता. सेक्रेटरी मॉरीनबाईंनी यांना एक दुपार दिली. जमलं तर दर महिन्याला. इतक्या मनापासून यांनी आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. अरुणाला मागणी घातली तेव्हासुद्धा नाही.

पहिलं गाणं सुरू झालं मात्र, साठी-सत्तरीची सगळी मंडळी खुर्च्या सोडून उठली. रांगा केल्या, अंगठे पट्ट्यात खोचले, चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे, आणि गर्रकन वळून यांच्याकडे पाठ. अख्खा हॉल पाठमोरा. रघुवीरांचं टाळकं सरकलं. समोर कोणी कुजबुजलं तरी तंबोरा खाली ठेवणाऱ्या बापाचे हे चिरंजीव. त्यांनी गिटार थांबवली.

"प्लीज, जरा बसून घ्या," ते माइकवरून म्हणाले. "गाणं ऐकायचं असतं."

इंग्रजच ते. सॉरी सॉरी म्हणत खुर्च्यांवर गेले, हात मांडीवर ठेवून बसले आणि खरोखरच ऐकू लागले. तिथेच पंचाईत झाली. बुटांच्या ठेक्याखाली झाकलेला सूर आता उघडा पडला, आणि तो पुढची चाळीस मिनिटं तसाच राहिला. टाळ्या पडल्या त्या शाळेच्या गॅदरिंगला पडतात तशा.

रघुवीरांना तरीही वाटलं, चला, शिस्त लावली. वायर गुंडाळणाऱ्या मॉरीनबाईंना त्यांनी पुढच्या महिन्याचं विचारलं. अरुणा कोट घालून दाराशी उभी होती. तिने मान खाली घातली.

"गाणं पसंत नसलं की आमची माणसं नाचत नाहीत, सरळ बारकडे जातात," मॉरीनबाई म्हणाल्या. "पहिल्याच गाण्याला सगळा हॉल उठला, असं चार वर्षांत झालं नव्हतं. मी तुमचं नाव डिसेंबरपर्यंत लिहूनसुद्धा टाकलं होतं."

"मग?"

"मग तुम्ही त्यांना बसायला सांगितलंत."