आडवी बाटली

मतदानाच्या दिवशी सारजाबाई ठेवणीतलं पांढरं पातळ नेसायची. मत म्हणजे बाबासाहेबांचं देणं, ते मळक्या अंगानं द्यायचं नसतं, असं ती सांगायची आणि गावातली टवाळ पोरं तिला ‘निवडणूक आयोग’ म्हणायची. करमाडच्या अलीकडं, जालना रोडला लागून असलेल्या त्या गावात लोकशाहीवर तिच्याइतका जीव दुसऱ्या कुणाचा नव्हता.

त्याला कारणही होतं. तिचा नवरा सांडू दारूपायी गेला. मुलगा सत्यम शेंद्र्याला एका कंपनीत कंत्राटावर होता. कष्टाळू, मायाळू, पण सुट्टी झाली की पाय घराऐवजी वेशीजवळच्या देशी दारूच्या दुकानाकडं वळायचे. बाप गेला तसा लेकही जाईल, या धास्तीनं बाईनं पदर खोचला आणि दुकान बंद करण्यासाठी गावातल्या बायकांचं मतदान मागून घेतलं.

या मतदानात चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. सोपं वाटतं ना? शेजारच्या मनकर्णाबाईनं सरावाच्या कागदावर धाडकन उभ्या बाटलीवर शिक्का हाणला. मारायचं तर उभीला मारावं, आडवी तर मेलेलीच आहे, हे तिचं म्हणणं. ते निम्म्या म्हाताऱ्यांना पटलंसुद्धा. शिक्का म्हणजे रट्टा नव्हे, होकार, हे समजावत सारजाबाईनं दारं झिजवली. शेवटी त्याच म्हाताऱ्यांनी बाटली आडवी केली.

दुकानाचा मालक इंद्रजीत तणतणत तिच्या दारात आला. सरकारनं परवाना द्यायचा आणि चार बायकांनी तो काढून घ्यायचा, ही कसली लोकशाही, असं विचारू लागला. सारजाबाईला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

“लोकशाही हाय, भाऊ,” ती म्हणाली. “हरलं त मानायचं.”

काही दिवस सुखाचे गेले. सत्यम शुद्धीत घरी येऊन जेवू लागला. त्याची बायको रूपा भाकरी थापताना गुणगुणू लागली. मग रस्त्याच्या पलीकडं, शेजारच्या गावच्या हद्दीत, इंद्रजीतच्या मेहुण्याच्या नावानं दुकान उघडलं. बाकडी तीच, गिऱ्हाईकं तीच.

सारजाबाई अर्ज घेऊन शहरातल्या उत्पादन शुल्काच्या कचेरीत गेली. साहेब भला माणूस होता. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की तुमचं मत तुमच्या हद्दीपुरतं, रस्त्यापलीकडं ते चालत नाही. पलीकडच्या गावाची हरकत नव्हती, सरकारला महसूल हवा होता. बाईला जे हवं होतं ते आता कुणालाच नको होतं.

परत येताना फाट्यावर इंद्रजीत भेटला.

“लोकशाही हाय, मावशी,” तो गालात हसत म्हणाला.

तिचेच शब्द, तिच्याच पदरात. ती संतापली, पण चालता चालता तिला त्याहून वाईट वाटू लागलं. इतके दिवस आपला जीव होता तो लोकशाहीवर, की बंद दुकानावर? आपल्या मनासारखं झालं तेव्हा ती गोड लागली. आता त्याच्या मनासारखं झालं, तर तो तिचे गोडवे गातोय. यात लबाड कोण, हे तिला ठरवता येईना.

सत्यम पुन्हा प्यायला लागला. पूर्वी भिंती धरत धरत घरी पोचायचा. जालना रोडला कसल्या भिंती? एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना ट्रकनं त्याला उडवलं. खिशातली बाटली मात्र शाबूत निघाली.

सत्यमच्या पुण्यानुमोदनाला मनकर्णाबाई गळ्यात पडून रडली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

“सारजे, दुकान गावातच ऱ्हायलं असतं त पोरगं घरी आलं असतं गं.”

रूपा असलं काही कधीच बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणंच सासूला जास्त टोचायचं.

पुढं निवडणूक आली. रस्ते, अनुदान, पुतळा, सगळ्याची आश्वासनं झाली. दारूचं नाव एकाही उमेदवारानं काढलं नाही. उलट एकाची प्रचाराची गाडी त्या दुकानासमोरच उभी असायची. मतदानाच्या सकाळी रूपानं पेटीतलं पांढरं पातळ काढून ठेवलं. सारजाबाई अंगावरच्या लुगड्यानिशीच निघाली. रांगेत इंद्रजीतनं तिला अदबीनं पुढं केलं. यंत्रासमोर ती इतका वेळ उभी राहिली की कर्मचाऱ्यानं, आजी, आटपा, म्हणून हाक दिली. मग बोट पडलं ते बटण तिनं दाबलं.

घरी रूपानं विचारलं, आत्याबाई, मत कुणाला दिलं.

सारजाबाई बोटावरची शाई पदरानं पुसत बसली. ती निघत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“समद्या निशाण्या बघितल्या,” ती म्हणाली. “आडवी बाटली कुठंच नव्हती.”