कळसूबाईची शेवटची शिडी

मंडळी, महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर आज मिळालेल्या चहात आलं नव्हतं. राज्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, म्हणून जाहीर निषेध.

आमचा मुकुंदवाडीचा ग्रुप प्रत्येक राज्यातलं सर्वांत उंच शिखर चढतोय. कुणाची किती झाली याचा हिशेब मी ठेवतो. नियमही माझाच: माथ्याला हात लागला नाही, तर शिखर धरायचं नाही.

आज शेजारच्या सलमाआपा शेवटच्या शिडीखालीच थांबल्या. मी वरून ओरडलो, "आपा, शिखर खाली येणार नाय!" सगळे खो खो हसले.

खालून आवाज आला, "वहिनीचे पाय लटलट कापायलेत. एकटं कसं सोडू ओ भाऊ?"

वहिनी म्हणजे माझी बायको. ती मागोमाग येतेय असं मी धरूनच चाललो होतो. एकदाही वळून पाहिलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी असं घरचं माणूस मागं टाकून शिखर मोजलंय का? मला तर तिथं उभं राहवेना.

उतरलो. बायको कातळाला टेकून बसलेली. म्हणाली, "झाली का मोजणी?"



"आपा, तुम्ही जाऊन या वर," एवढंच म्हणालो आणि त्यांच्या जागी बसून बायकोचा हात धरला.