पेनाच्या टोकाने

"फुकटातलं कधी टिकतं का, साहेब?" विकतच्या वेब सर्व्हरचा विक्रेता आमच्या सातपूरच्या ऑफिसात साहेबांना विचारत होता. मी सांभाळत असलेला मोफत सर्व्हर काढून त्याचा घ्यायचं जवळपास ठरलंच होतं. चाचणीसाठी ठेवलेलं त्याचं मशीन सारखं अडकायचं, दोनदा त्यात व्हायरसही शिरला. तो मात्र खिशातलं पेन काढून टोकाने बटण दाबायचा, मशीन पुन्हा सुरू करायचा आणि हसायचा, "थोडा आराम लागतो त्याला."

मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमच्या फुकटच्याला जबाबदार कोण?"

जबाबदार मीच होते. माझे कान तापले. मे महिन्यातल्या त्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सर, माझं मशीन शेवटचं बंद केलं ते दसऱ्याच्या पूजेला. यांचं, आज सकाळी."