ऑडलमचा उतार आणि एडना प्रॉबर्ट

एडना प्रॉबर्ट आमच्या कालव्यावरची जुनी बाई. वय पंचाहत्तर, तोंड फटकळ, हात टणक. नवरा राल्फ गेल्यापासून सहा वर्षं 'कर्ल्यू' ही सत्तावन्न फुटी बोट ती एकटी हाकत होती, राहायचीही तिच्यातच. बोट बांधायला तिला कायमचा धक्का नव्हता, आणि तसल्या बोटीला एका जागी चौदा दिवसांच्या वर ठाण मांडता येत नाही. म्हणून पंधरवडा झाला की दोर सोडायचे न् पुढच्या गावाला लागायचं. वळणाआडून कोण येतंय ते ती इंजिनाच्या आवाजावरनं सांगायची. आम्ही कौतुक करायचो.

मागल्या मे महिन्यात तिची लेक ग्लेंडा आली. नॅन्टविचला तिचं घर, खालची खोली आईसाठी रंगवून तयार. बोट विक म्हणून तिनं कधीचं टुमणं लावलं होतं. शेवटी मायलेकींचं ठरलं. ऑडलमच्या उतारावरची पंधरा लॉक आईनं लेकीसमोर उतरून दाखवायची. जमलं तर विक्रीचा विषय कायमचा बंद; नाही जमलं तर बोट खालच्या धक्क्यावर विकायला लावायची. माझी बोट मागंच होती, तेव्हा ही बोली माझ्यासमोर झाली.

सुकाणूवर आई, दरवाजे आणि झडपांना लेक. ग्लेंडा बोटीवरच वाढलेली, तिला शिकवायला नको. लॉक म्हणजे लांबट दगडी हौदच. भरल्या हौदात बोट घालायची, मागचा दरवाजा लावायचा, पुढच्या झडपा उचलून पाणी सोडायचं, की बोट खाली बसत जाते. धोका एकच. मागच्या दरवाज्याच्या बुडाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोटीचं ढुंगण त्यावर टेकलं तर ते वर अडकतं, नाक खाली जातं, आणि बोट बुडायला दोन मिनिटं पुष्कळ होतात. म्हणून काठावर पांढरी रेघ मारलेली असते. सुकाणूवाल्यानं बोट रेघेपुढं घ्यायची, हात वर करायचा, मगच दुसऱ्यानं झडप उचलायची.

पाच लॉक झकास गेली. एडनाला जोर आला. "ग्लेंडे, तुझ्या खोलीत ह्यो असला वारा येतो का गं?"

"न्हाई येत. पण न्हाणीला दार हाय."

सहाव्या लॉकला दरवाजा लोटायला मी हात दिला आणि काठावर उभा राहिलो. एडनाचा हात वर झाला, ग्लेंडानं झडपा उचलल्या. पाणी हातभर उतरलं आणि खालून करकर आवाज आला. नाक खाली चाललेलं, मागचा भाग जागच्या जागी. आत कपबशा खळाखळा पडल्या. ग्लेंडानं ओरडण्यात वेळ घालवला नाही. तिनं झडपा धाडदिशी पाडल्या. मी मागच्या झडपा दमानं उघडल्या. पाणी चढलं, बोट सपाट झाली.

ग्लेंडा दरवाजा लोटायच्या दांड्यावर टेकली. म्हणाली, "आई, चूक माझी. तुझा हात बघायच्या आधीच म्या झडप उचलली असणार."

हात आधी वर झाला होता, मी बघितला होता. पण मायलेकींच्या बोलीत मी कशाला तोंड घालू? एडना गप्पच राहिली असती तरी बोट तिची राहिली असती. तिनं बाहीनं नाक पुसलं.

"तू बराबर हुतीस. हात म्या केला. रेघच दिसली न्हाई मला."

"डोळ्यावर ऊन आलं असंल."

"कसलं ऊन. दोन वर्सं झाली, न्हाई दिसत. अंदाजानं हाकतेय."

राहिलेल्या लॉकचं काय करायचं म्हणून ग्लेंडानं विचारलं. बोट मधेच टाकून जायला ही काय हातगाडी आहे का, असं एडनानं तिला सुनावलं. पुढची सगळी लॉक ग्लेंडा काठावरनं घे पुढं, आणखी हातभर, बास, असं ओरडत उतरली, आणि दर लॉकला एडना तिला सांगत राहिली की मी आंधळी झालेय, बहिरी नव्हे.

खालच्या धक्क्याला दोर बांधून झाल्यावर ग्लेंडानं विक्रीचा कागद लिहायला घेतला. सत्तावन्न फूट, चुलीसकट, उत्तम स्थितीत.

"ते 'उत्तम' खोड," एडना म्हणाली. "सुकाणू आज खालनं वाकलंय. ते लिव्ह."

ग्लेंडानं तेही लिहिलं आणि कागद खिडकीला आतनं चिकटवला.