धाकटीचा अंगठा

माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगठ्यावर रेघा नाहीत. देवाने दिल्या असतील, पण तिने त्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात घासून टाकल्या. एकतीस वर्षं चादरी धुतल्या बाईने. रक्ताच्या डागांना सोडा, पिवळेपणाला ब्लीच, आणि हातमोजे मिळायचे ते वरचे लोक पाहणीला येणार असतील त्या दिवसापुरते. बोटांची टोकं अगदी गुळगुळीत झाली. पेन्शनच्या कचेरीतलं मशीन दरवर्षी तिचा अंगठा नाकारतं, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी ती कायम पिशवीत ठेवते. तिथला कारकून एकदा म्हणाला, मावशी, तुम्ही चोरी केलीत तर कुणाला पत्ता लागणार नाही. ही म्हणाली, करायची होती रे, पण सुट्टीच मिळाली नाही.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पेन्शन सुरू झाली तसं लोक म्हणाले, आता बस निवांत. तिने एक गाळा भाड्याने घेतला आणि लॉन्ड्री काढली. टेबल, दोन इस्त्र्या, मागे पाण्याचा हौद. पण हाताने धुणं आता खांद्याला झेपेना. एका वसतिगृहाचं काम चालून आलं होतं, आठवड्याला दीडशे चादरी, मोठं मशीन असेल तरच. म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा बँकेत कर्ज मागायला गेली. सोबतीला मी.

बँकेतल्या मुलीने नाव टाकलं, स्क्रीनकडे पाहिलं, मग आमच्याकडे. म्हणाली, आजी, तुमचं आधीचंच कर्ज थकलंय. तीन वर्षांपूर्वी एका पतपेढीतून काढलेलं. चौदा महिने हप्ता नाही. ते फिटत नाही तोवर दुसरं कुणीच देणार नाही.

धाकटीने पतपेढीचं नावही ऐकलेलं नव्हतं. विचारत विचारत गेलो. फाइलीत तिचा फोटो, तिच्या ओळखपत्राची नक्कल, आणि जामीन म्हणून सही आमच्या भावाची.

हा आमचा भाऊ म्हणजे घरातलं शेंडेफळ. माझी शाळा चौथीत सुटली, धाकटीची सुरूच झाली नाही, कारण त्याला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं. पुढे तिच्या पहिल्या पगारातून त्याची कॉलेजची फी गेली. कचेरीत लागला तेव्हापासून आम्ही त्याला साहेब म्हणतो, आधी कौतुकाने, मग सवयीने. घरात इंग्रजी वाचणारा तो एकटा, म्हणून सगळ्यांची कागदपत्रं त्याच्या लोखंडी कपाटात आणि किल्ली त्याच्या खिशात. त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

कर्जाच्या कागदावर सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता. देखणा अंगठा, एकेक रेघ मोजून घ्यावी असा. धाकटीने तो बराच वेळ पाहिला. मग मॅनेजरच्या टेबलावरचं शाईचं पॅड ओढलं, अंगठा दाबला आणि त्याच्याच कोऱ्या कागदावर ओळीने पाच ठसे उठवले. पेन गळल्यासारखे पाच निळे डाग.

"यातला कुठला तुमच्या फाइलीत आहे, दाखवा," ती म्हणाली.

मॅनेजर चष्मा पुसू लागला. साहेब ओळखीचे, कागद घरी नेऊन अंगठा घेऊन येतो म्हणाले, म्हणून दिले, असं काहीसं पुटपुटला. कर्जावरून हिचं नाव काढायचं तर पोलिसात तक्रार लागेल. आणि मग आवाज खाली आणून, घरच्या घरी मिटलं तर बरं, नाही का.

परतताना धाकटी एवढंच बोलली, "पन्नास वर्षं माझ्या हातचं जेवला. हात कसा आहे ते कधी पाहिलं नाही त्याने."

खरं सांगायचं तर तेव्हा मीही मॅनेजरच्याच बाजूची होते. आपलाच आहे, पांघरूण घाल, मशीन काय पुढल्या वर्षीही येईल, असं म्हटलं मी तिला. ती म्हणाली, "ताई, एकतीस वर्षं लोकांची पांघरुणं धुतली. आता कुणावर घालायची नाहीत."

दोन दिवसांनी साहेब आला, मागे आमची भावजय. आल्या आल्या डोळ्याला रुमाल. मित्राच्या धंद्यात पैसे घातले, मित्र पळाला, सगळं भडाभडा सांगून टाकलं. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, पोलिसात गेलीस तर नोकरीवर येईल. कर्ज तुझंच आहे म्हण, हप्ते मी गुपचूप भरतो.

"आणि माझं नाव खराब केलंस ते?"

"नावाचं काय घेऊन बसलीस, अक्का," तो म्हणाला. "या वयात तुला बँक लागतेच कशाला?"

एवढं ऐकलं आणि माझं मन फिरलं. रुमाल डोळ्याला होता, पण डोळे कोरडे होते.

तेवढ्यात भावजय बोलली, जी त्या घरात तीस वर्षं फक्त चहा घेणार का एवढंच विचारत आली. "अंगठा माझा आहे. गॅसचा कागद म्हणून घेतला माझ्याकडून. कुणी विचारलं तर मी सांगणार." साहेबाने असं पाहिलं, जणू भिंत बोलली.

धाकटी त्याला म्हणाली, "सात वर्षांची असल्यापासून तुला कडेवर घेतलंय. आता उतर खाली. हप्ते भर, पण तुझ्या नावाने भर."

तक्रार मी लिहिली. चौथीचं अक्षर, तीन कागद फाडले, चौथा बरा उतरला. पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, आरोपीशी नातं काय. मग स्वतःच म्हणाला, ओळखीतला इसम लिहू का?

"सख्खा भाऊ लिहा," धाकटी म्हणाली.

"आजी, एकदा लिहिलं की मला खोडता येत नाही."

"म्हणूनच तर आले."

साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. माझंही नातं विचारलं त्याने. तेच, म्हटलं.

नाव निघायला अकरा महिने लागले. वसतिगृहाचं काम तोवर दुसऱ्याने पळवलं, हिने दोन लॉजचं मिळवलं. मशीन आलंय, बँकेच्याच कर्जावर. साहेबाची केस चालू आहे. नातेवाइकांपैकी कुणी दुकानात येऊन, भावाला कोर्टात उभं केलंस म्हणून सुनावू लागलं, तर ती शांतपणे ऐकून घेते आणि कपडे आणलेत का विचारते. आणले नसतील तर म्हणते, जरा बाजूला व्हा, मागे गिऱ्हाईक उभं आहे.