मधली गच्ची

कोपरीत आमच्या सोसायटीमागे एक चाळ आहे. वीज गेली की तिथे मोबाइललाही रेंज राहत नाही, म्हणून आम्ही काही जणांनी गच्च्यांवर बॅटरीवर चालणारे रेडिओचे छोटे डबे बसवायला घेतले. एक डबा निरोप पकडतो आणि पुढच्या डब्याला देतो. चाळीत एकट्या राहणाऱ्या आजींनी बटण दाबलं की नाक्यावरच्या डॉक्टरांकडे घंटा वाजणार होती.

चाळ आणि नाका यांच्या मधली गच्ची एका काकांच्या बिल्डिंगची. बोलणं मऊ, आणि बोलताना सतत चष्मा पुसायची सवय. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"कुठले तुम्ही? पूर्ण नाव काय?"

मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं; चाळीतल्या बऱ्याच दारांवर असतं तेच. चष्मा पुसणारा हात थांबला.

"डबा लावा हो. फक्त त्या चाळीचे निरोप आमच्या डब्यातून नकोत."

"काका, निरोप कुणाचा ते डबा बघत नाही."

"डबा नसेल बघत. आपण बघायचं ना!"

घरातला पहिला पदवीधर मी. शिकलेल्या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत, त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला आणि चहा तसाच ठेवून उठलो.

आता निरोप लांबच्या पाण्याच्या टाकीवर लावलेल्या डब्यातून फिरून जातो, कधी वाटेतच हरवतो. काका रोज सकाळी फिरताना हसून हात वर करतात. माझी मूठ खिशातच वळते.

आजींना सांगितलंय, बटण दोनदा दाबा. का, हे त्यांनी विचारलं नाही. फक्त मधल्या गच्चीकडे बघितलं.